लालबागचा कुलपांचा कारखाना

मुंबईच्या लालबागेत, बॉम्बे गॅस कंपनीच्या कारखान्याला लागून असलेल्या सुमारे २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये ७ मे १८९७ रोजी कुलपे बनू लागली. जागा एखाद्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. कामाला गुजरात आणि मलबारातून आणलेले डझनभर कारागीर होते आणि भांडवल उसने होते. मालक अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज अवघे २९ वर्षांचे होते. लोहारकीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचे शिक्षण वकिलीचे होते आणि याआधी सुरू केलेला एक धंदा बुडालेला होता. पुढे तिजोऱ्या, साबण, कपाटे आणि टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या गोदरेज उद्योगाची ही सुरुवात.

कुलूप आपल्याकडे नवे नव्हते. वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतून आडणा, बाहेरून कडी-कोयंडा आणि कोयंड्यात अडकवलेले लोखंडी कुलूप ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. ही कुलपे गावातला लोहार किंवा फिरता कारागीर घडवी. त्यातला एक सर्रास आढळणारा प्रकार पोलादी पट्ट्यांचा होता. कुलपाच्या दांड्याला पंखासारख्या फाकलेल्या पट्ट्या असत. दांडा आत ढकलला की त्या फाकून अडकत आणि किल्ली आत सारली की दाबल्या जाऊन दांडा सुटे. दुसऱ्या प्रकारात किल्लीला आटे असत आणि ती स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागे. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्त्यांच्या जोडीला जुनी कुलपेही आहेत. त्यांच्याकडे पाहिले की घडवणाऱ्याच्या हाताचे कौतुक वाटते, पण एक मर्यादाही ध्यानात येते. एका घडणीच्या कुलपाला दुसऱ्याची किल्ली बरेचदा चाले, आणि धीराने बसणाऱ्या चोराला तार आणि कानस पुरे होई. खरी राखण शेजारपाजार, पहारेकरी आणि गावातली ओळख करीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परिस्थिती पालटली. वऱ्हाडचेच पाहू. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. पुढे रेल्वे आली आणि कापसाचा पैसा खेळू लागला. तेव्हा दारव्हा तालुक्यात असलेल्या नेर-परसोपंतच्या आसपासचा सारा टापू कपाशीचा. हंगामात व्यापाऱ्याच्या पेढीवर रोकड येई, सावकाराच्या घरी गहाणखते आणि दागिने राहत, गोदामात गाठी पडून असत. पैशांची ये-जा अनोळखी माणसांच्या हातून होऊ लागली, आणि शेजाऱ्याच्या नजरेवर भिस्त ठेवून भागेनासे झाले. चांगले कुलूप हवे असेल तर ते विलायती घ्यावे लागे आणि ते महाग पडे.

विलायतेत या विद्येने तोवर मोठी मजल मारली होती. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने दुहेरी लिव्हरच्या कुलपाचे पेटंट घेतले. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामा याचे कुलूप आले, आणि ते किल्लीवाचून उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस देण्याची पाटी त्याच्या लंडनमधल्या दुकानाच्या काचेत झळकू लागली. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली. तिच्यानंतर सरकारने चांगल्या कुलपासाठी बक्षीस जाहीर केले आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब याने ‘डिटेक्टर’ कुलूप काढले. खोटी किल्ली घालून पाहिली की ते अडकून बसे आणि मालकाला कोणी हात लावल्याचे कळे. ही दोन्ही नावे अजिंक्य मानली जात होती. मग १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चबचे कुलूप उघडले आणि ब्रामाचेही. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासेक तास लागले, पण ते उघडले. सगळे इंग्लंड हादरले. त्यानंतर अमेरिकेत लायनस येल याने खिळ्यांच्या नळीचे कुलूप आणले. आज फ्लॅटच्या दाराला बसवतात तो प्रकार त्याचाच. भारतात अलीगढला जॉन्सन अँड कंपनी १८७० च्या सुमारास आधी विलायती कुलपे विकत होती. पुढे १८९० च्या सुमारास ती तिथेच बनवू लागली, आणि त्यातून अलीगढचा कुलपांचा घरगुती उद्योग फोफावला.

अर्देशीर या धंद्यात आले ते वेगळ्याच वाटेने. त्यांचा जन्म १८६८ चा, एका खात्यापित्या पारशी घरातला. वडिलांनी १८७१ मध्ये कुटुंबाचे आडनाव बदलून गोदरेज केले. तरुणपणीच अर्देशीर यांच्यावर एक आघात झाला. १८९१ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी बच्चूबाई आणि तिची एक नातलग मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून मरण पावल्या. या प्रकरणाने त्या वेळी सारी मुंबई ढवळून निघाली होती. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८९४ मध्ये वकील म्हणून ते झांझिबारला एका खटल्यासाठी गेले. अशिलाची बाजू मांडताना जे खात्रीने खरे म्हणता येत नाही ते खरे म्हणून सांगायला त्यांची जीभ रेटेना. वकिली तिथेच सुटली. मुंबईत परतल्यावर त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे रसायनांचे काम पाहिले आणि मग शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायचे ठरवले. मेरवानजी कामा या वडीलधाऱ्या स्नेह्याने ३,००० रुपये दिले. उपकरणे उत्तम उतरली. घेणारी इंग्रजी पेढीही तयार झाली, फक्त त्यांवर भारतात बनल्याचा उल्लेख नको, असे तिचे म्हणणे पडले. तसा माल खपणार नाही, हा तिचा व्यापारी हिशेब होता. अर्देशीर यांनी नकार दिला. धंदा बसला आणि मेरवानजी कामांचे पैसे अडकले.

त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची किल्ली या नकारात आहे. इथे बनलेली वस्तू इथली म्हणूनच विकायची, आणि ती इतकी चोख बनवायची की घेणाऱ्याने दया म्हणून नव्हे तर गरज म्हणून घ्यावी. हे त्यांनी कोणत्याही चळवळीच्या आधी ठरवले होते.

कुलपांकडे त्यांचे लक्ष गेले ते वर्तमानपत्रातल्या एका बातमीने. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि पोलीस आयुक्त लोकांना सावध राहायला सांगत होते. अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले आणि कामांनी पुन्हा पैसे दिले. पुढे कामांच्या विनंतीवरून त्यांचे बॉइस नावाचे भाचे भागीदार झाले. ते फार काळ थांबले नाहीत, पण ‘गोदरेज अँड बॉइस’ या नावातून त्यांचे आडनाव कधी गेले नाही.

लालबागचा कारखाना निघाला तो काळ मुंबईसाठी अतिशय वाईट होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरातून जवळपास निम्मी माणसे कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेली. घरेच्या घरे कुलूप लावून ओस पडली होती. गिरण्यांना माणसे मिळेनात. सरकारी तपासणी पथके दारे उघडून आत शिरत होती, रोगी हुडकून नेत होती, सामान जाळत होती. कारखाना सुरू झाल्यावर दीड महिन्याने, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. घर सोडून जाणाऱ्या माणसाला मागे राहिलेल्या चार भांड्यांचा आणि पेटीचा भरवसा कशावर ठेवायचा हा प्रश्न त्या वर्षी मुंबईत लाखो लोकांपुढे होता. गोदरेजांच्या धंद्याला प्लेगने जन्म दिला असे म्हणता येणार नाही, पण बंद दारांच्या शहरात हा धंदा उभा राहिला एवढे खरे.

कारखान्यात काय बनत होते ते समजायचे तर लिव्हरचे कुलूप उघडून पाहावे. त्याच्या पोटात पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टी एका टोकाशी खिळीवर फिरते, आणि प्रत्येकीत एक अरुंद फट कापलेली असते. कुलपाचा दांडा अडवणाऱ्या बोल्टाला एक लहान खुंटी असते. किल्ली फिरली की तिचा प्रत्येक दात आपापली पट्टी उचलतो. सगळ्या पट्ट्या नेमक्या हव्या तेवढ्या उचलल्या गेल्या तर साऱ्या फटी एका रेषेत येतात, खुंटी त्यांतून सरकते आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी केसभर कमी किंवा केसभर जास्त उचलली गेली की खुंटी तिथेच अडते. पट्ट्या जितक्या जास्त तितकी नक्कल अवघड. म्हणून दुकानदार आजही ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असे सांगून कुलूप विकतो.

या रचनेचा कमकुवत भाग म्हणजे स्प्रिंग. प्रत्येक पट्टी पुन्हा खाली बसावी म्हणून तिच्यावर बारीक स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ती गंजते, वर्षानुवर्षांच्या वापराने थकते आणि एक दिवस तुटते. मग मालक स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहतो. अर्देशीर यांनी स्प्रिंगशिवाय चालणारे कुलूप तयार केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याचे पेटंट मिळवले. विलायती नमुने पुढ्यात ठेवून नकला करणे सोपे होते आणि इतरांनी तेच केले. अर्देशीर यांनी या देशाच्या हवेत विलायती कुलूप कुठे हरते ते शोधले. त्यांच्या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

‘अँकर’ या छापाची पहिली कुलपे किल्लीवाचून उघडत नाहीत अशा हमीसह विकली जात. ‘गॉर्डियन’ नावाच्या कुलपाला दोन किल्ल्या मिळत. एक नेहमीच्या वापराची. दुसरी फिरवली की आतली मांडणी बदलून पहिली किल्ली निरुपयोगी व्हायची. नोकराकडे दिलेली किल्ली हरवली किंवा नोकर काम सोडून गेला तर कुलूप फेकावे लागत नसे. चबच्या धर्तीचे ‘डिटेक्टर’ कुलूपही इथे बनले. खोटी किल्ली लागली की ते अडून बसे, आणि मालकाने आपल्या किल्लीने ते पूर्ववत केले की कोणीतरी डाव साधू पाहिला हे त्याला उमजे. पेढीवाल्या शेटजींना हे विशेष रुचले असल्यास नवल नाही.

कुलपापाठोपाठ तिजोरी येणारच होती. १९०२ मध्ये गोदरेजांची पहिली तिजोरी बाजारात आली. तिजोरीला चोराइतकीच आगीचीही धास्ती असते. आत ठेवलेले कागद भाजून जाऊ नयेत म्हणून दुहेरी पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारे थर द्यावे लागतात, आणि दाराच्या फटीतून ज्वाळा आत शिरू नये याची व्यवस्था करावी लागते. अर्देशीर या प्रश्नामागे वर्षानुवर्षे लागले. युरोपात जाऊन तिथले कारखानेही त्यांनी पाहिले. १९०६ मध्ये धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले. अर्देशीर प्रयोगात रमणारे, तर पिरोजशा माणसे, यंत्रे आणि बाजार सांभाळणारे. कारखाना मोठा झाला तो या जोडीमुळे.

तिजोऱ्यांची खरी परीक्षा अर्देशीर यांच्या हयातीनंतर झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टाइकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापूस होता, दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या. दोन भयंकर स्फोट झाले, आठशेच्या आसपास माणसे गेली, गोदीलगतच्या पेढ्या आणि गोदामे कित्येक दिवस जळत राहिली. ढिगाऱ्यातून काढलेल्या गोदरेज तिजोऱ्यांमधली कागदपत्रे शाबूत निघाली, आणि नंतरची कित्येक वर्षे गिऱ्हाइकाला ही हकिकत सांगितली जात होती.

बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची लाट आली. देशी मालाला आयतेच गिऱ्हाईक मिळू लागले आणि लोक हलका माल घेऊनही देशसेवा केल्याचे समाधान मानू लागले. अर्देशीर यांना हे मान्य नव्हते. देशी आहे म्हणून वाईट वस्तू माथी मारणे ही त्यांना देशाचीच फसवणूक वाटे. दादाभाई नवरोजींच्या अर्थविचारावर वाढलेल्या या माणसाला उत्पादनात आलेले स्वावलंबन हेच खरे स्वराज्य वाटत होते. म्हणून चळवळीपासून ते अलिप्त राहिले असे मात्र नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळी ही रक्कम अवाढव्य होती.

१९१८ च्या सुमारास त्यांनी वनस्पतीच्या तेलापासून साबण बनवला. तोवर बाजारातल्या साबणात प्राण्यांची चरबी सर्रास असे आणि अनेक घरांत तो शिवला जात नसे. धुण्याच्या या पहिल्या साबणाचे नाव ‘चावी’ ठेवले होते. कुलपाने मिळवलेली पत त्या नावावर साबणाकडे आली. पुढे अर्देशीर यांनी धंद्याची सूत्रे पिरोजशांकडे सोपवली आणि ते नाशिककडे शेतीत रमले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईपेक्षा नाशिकच्या मातीत त्यांचा शेवटचा काळ गेला हे महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही.

लालबागची जागा अपुरी पडत गेली. १९४३ मध्ये पिरोजशांनी विक्रोळीची विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली. गावाबाहेरच्या त्या खाजणात पुढे कारखाने, कामगारांची घरे आणि शाळा उभ्या राहिल्या, आणि खारफुटीचे मोठे रान राखले गेले. याच विक्रोळीत कुलूपवाल्यांच्या हातून एक ऐतिहासिक काम झाले. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक समोर होती. बहुसंख्य मतदार निरक्षर. म्हणून प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची चिन्हासह वेगळी पेटी ठेवायचे ठरले होते. त्यासाठी लाखो पेट्या लागणार होत्या, आणि त्या स्वस्त हव्या होत्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावायचे म्हटले तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. कारखान्यातल्याच एका कारागिराने पेटीच्या आतच बसणारी कडी-खिट्टीची यंत्रणा सुचवली आणि बाहेरच्या कुलपाची गरज उरली नाही. काही महिन्यांत १२ लाखांहून अधिक पेट्या तयार झाल्या. दर पेटीमागे पाचेक रुपये पडले. विक्रोळीहून रेल्वेने त्या देशाच्या कानाकोपऱ्यात गेल्या. त्या वेळी मध्य प्रदेशात असलेल्या विदर्भातही पहिले मतदान अशाच पोलादी पेट्यांत झाले.

या कारखान्याची ख्याती वाढली तरी देशातले कुलूप म्हणजे फक्त गोदरेज असे कधीच नव्हते. अलीगढच्या गल्ल्यांमध्ये एकेका घरात कुलपाचा एकेक भाग बनतो आणि देशातली बहुतेक स्वस्त कुलपे तिथून येतात. तमिळनाडूत दिंडीगलची हाताने घडवलेली कुलपे वेगळीच. त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती घडवणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. गोदरेजचे ‘नवताल’ दुकानांच्या शटरला आणि घरांच्या दाराला लागले, तरी तालुक्याच्या गावात गोदामाला, गोठ्याला, मोटारीच्या खोलीला लागते ते अलीगढी.

कुलपाबरोबर चावीवाल्याचा व्यवसायही गावोगाव पसरला. नेर, दारव्हा, दिग्रससारख्या गावांच्या बाजारात रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसलेला हा कारागीर म्हणजे या सगळ्या इतिहासाचे शेवटचे टोक. त्याच्याजवळ कोऱ्या चाव्यांचा जुडगा, दोन-तीन आकारांच्या कानशी, लहान शिकंजा आणि हातोडी असते. किल्ली हरवलेले कुलूप कोणी आणले तर तो कोरी चावी काजळीवर धरून काळी करतो, कुलपात घालून हलकेच फिरवतो आणि बाहेर काढून उन्हात पाहतो. लिव्हर जिथे टेकले तिथे काजळी पुसलेली असते. तेवढाच भाग कानशीने घासायचा, पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. असे आठ-दहा वेळा झाले की पट्ट्यांच्या फटी एका रेषेत येतात आणि कुलूप उघडते. हॉब्जने लंडनमध्ये लावलेला धीर हाच. फरक एवढाच की इथे मालक शेजारी उभा असतो आणि गावाची ओळख हीच चावीवाल्याची सनद असते. आता मोटारसायकलच्या आणि कारच्या चाव्यांत चिप आली, दुकानांच्या शटरला सेंट्रल लॉक आले, आणि या कारागिरांपैकी अनेकांनी चावी कापायचे विजेवरचे यंत्र घेतले आहे.

३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज कुटुंबातल्या व्यवसायाची विभागणी जाहीर झाली. साबण, घरगुती वापराच्या वस्तू आणि बांधकामाच्या कंपन्या एका शाखेकडे गेल्या, तर कुलपे आणि तिजोऱ्या बनवणारी गोदरेज अँड बॉइस जमशेद गोदरेज यांच्या शाखेकडे राहिली. लालबागेत सुरू झालेला कुलपांचा धंदा या कंपनीत आजही चालू आहे.